पितळ घासण्याआधी टॉर्पेडोच्या जायरोवरचे ठसे वाचले जावेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतील जुन्या वस्तूंच्या बाजाराविषयी जो लेख आला, त्यातील एका छायाचित्राखाली ‘जहाजावरील जुने होकायंत्र’ अशी ओळ आहे. छायाचित्रातील वस्तू होकायंत्र नाही. एकात एक बसवलेल्या दोन कड्या, त्यांच्या मधोमध जाड काठाचे पोलादी चाक आणि त्या काठावर चहूबाजूंनी कोरलेल्या बारीक खाचा पाहता तो टॉर्पेडोला, म्हणजेच पाणतीराला, सरळ मार्गावर ठेवणारा जायरोस्कोप आहे, असे माझे ठाम मत आहे. असे जायरो जमवण्याचा आणि त्यांची ओळख पटवण्याचा मला अनेक वर्षांचा छंद आहे, आणि त्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे.

ओळीतील गफलतीबद्दल मला लेखकांना दोष द्यायचा नाही. विक्रेत्याने जे सांगितले ते त्यांनी विश्वासाने लिहिले, आणि विक्रेत्यालाही बहुधा भंगारातून वस्तू आणणाऱ्याने तेच सांगितले असेल. मला अस्वस्थ केले ते छायाचित्रातील दुसऱ्या एका गोष्टीने. ती वस्तू बफिंग करून आरशासारखी चकचकीत केलेली आहे आणि जिथे नामपट्टी असायला हवी तिथे स्क्रूची दोन रिकामी भोके आहेत. म्हणजे ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या नौदलासाठी तयार झाली हे सांगणारा सर्वांत मोठा पुरावा विक्रीआधीच नाहीसा झाला आहे. होकायंत्राची ओळ उद्या दुरुस्त करता येईल, पण घासून गेलेला ठसा परत आणण्याचा उपाय कोणाकडेही नाही.

या वस्तूचे मोल कशात आहे ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. रॉबर्ट व्हाइटहेड हा इंग्रज अभियंता एड्रियाटिक समुद्रावरील फियुमे बंदरात यंत्रशाळा चालवत होता. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या (१८६७ पासून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या) साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियातील रियेका आहे. जोव्हानी लुप्पिस या नौदल अधिकाऱ्याच्या मूळ कल्पनेत आमूलाग्र बदल करून व्हाइटहेडने १८६६ मध्ये दाबलेल्या हवेवर पाण्याखालून चालणारा टॉर्पेडो सिद्ध केला. तो ठरावीक खोलीवर राहत नसे, म्हणून पुढच्या दोन वर्षांत त्याने पाण्याच्या दाबावर चालणारी झडप आणि लंबक यांची जोडी बसवली. ही युक्ती इतकी गुप्त राखली जाई की जी नौदले परवाना विकत घेत, त्यांनाच ती दाखवली जात असे. खोलीचा प्रश्न असा सुटला, दिशेचा मात्र सुटला नाही. नळीतून सुटल्यावर प्रवाहाने, लाटेने किंवा सांगाड्यातील किंचित बाकामुळे टॉर्पेडो एकदा वळला की त्याला परत मूळ रेषेवर आणणारे त्याच्या पोटात काहीच नव्हते. २९ मे १८७७ रोजी पेरूच्या किनाऱ्याजवळ ‘शाह’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘वास्कार’ या चिलखती जहाजावर टॉर्पेडो सोडला आणि तो लागला नाही. व्हाइटहेड टॉर्पेडोचा लढाईतील तो पहिला वापर मानला जातो. त्यानंतरही कित्येक वर्षे शत्रूच्या काही शे मीटर जवळ गेल्याशिवाय या शस्त्राचा भरवसा धरता येत नव्हता.

हे चित्र पालटले ते लुडविग ओब्री या त्रिएस्तेच्या संशोधकामुळे. ऑस्ट्रियाच्या नौदलात काम केलेल्या या माणसाने १८९० च्या दशकाच्या मध्यावर टॉर्पेडोत बसेल एवढा लहान जायरो तयार केला. व्हाइटहेडने त्याचे हक्क घेतले आणि शतक संपण्याच्या सुमारास जगातल्या प्रमुख नौदलांत ‘ओब्री यंत्र’ हे नाव रूढ झाले. पुढे टॉर्पेडोची मजल हजारो मीटरपर्यंत वाढली. त्यात हवा तापवून वापरणाऱ्या नव्या इंजिनांचा वाटा मोठा होता हे खरे, परंतु दिशा टिकवणारे चाक पोटात नसते तर त्या वाढीव मजलेचा काही उपयोग झाला नसता.

चाकाचे काम तत्त्वतः साधे आहे. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजी कलू देत नाही, तसेच हे चाकही कड्यांच्या आधाराने सर्व बाजूंना मोकळे ठेवले की सुटण्याच्या क्षणी ज्या दिशेला रोखलेले असेल तीच दिशा धरून राहते. टॉर्पेडो डावीकडे वळला तर वळतो तो सांगाडा, बाहेरची कडी जागच्या जागी राहते. कडी आणि सांगाडा यांच्यातला हा फरक एका नाजूक तरफेतून छोट्या झडपेपर्यंत पोहोचतो, झडप हवेच्या दट्ट्याला इशारा देते आणि दट्ट्या उभी सुकाणू-पाती फिरवतो. सुकाणू हलवण्याचे बळ चाक स्वतः लावत नाही, ते फक्त झडप हलवते. म्हणूनच ही जोडणी इतकी हलकी ठेवलेली असते की केसाएवढ्या घर्षणानेही तिचे काम बिघडावे. जुन्या रचनांत सुकाणू मध्ये थांबत नसे. ते सतत डाव्या आणि उजव्या टोकांमध्ये फिरत राही आणि टॉर्पेडो किंचित नागमोडी चालीने, पण सरासरीने सरळ रेषेत जाई.

ओळख पटवताना मी सर्वांत आधी हे चाक कशाने फिरवले जात असे ते पाहतो. ओब्रीच्या मूळ रचनेत जोरकस स्प्रिंग आवळून ठेवलेली असते आणि ती सुटताच दात्यांच्या चापाने चाकाच्या आसाला एकच जबर फिरकी देऊन बाजूला होते. अशा जायरोत चाकाचा काठ गुळगुळीत असतो, आसावर बारीक दाते असतात आणि शेजारी स्प्रिंगचे घर किंवा निदान ते बसवण्याची जागा दिसते. नंतरच्या रचनांत स्प्रिंगची जागा दाबलेल्या हवेने घेतली. काहींत हवेचा झोत थेट चाकाच्या काठावरच्या खाचांवर आदळतो, तर काहींत तो आधी छोटे टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन दात्यांमधून चाकाला वेग देते. अमेरिकेत फ्रँक लेव्हिट यांच्या रचनेचे, ब्रुकलिनच्या ई. डब्ल्यू. ब्लिस कंपनीत तयार झालेले टॉर्पेडो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले, तेव्हापासून हवेवर फिरणारे जायरो तिकडे रुळले. चाकाला तारांचे वेटोळे आणि विजेची टोके असतील तर वस्तू आणखी अलीकडची असते. आपल्या छायाचित्रातील चाकाच्या काठावर खाचा स्पष्ट दिसतात, तेव्हा तो ओब्रीच्या स्प्रिंगचा जायरो नव्हे, हवेवर फिरणारा आहे, एवढे नामपट्टीशिवायही सांगता येते.

यापुढची ओळख ठशांवरूनच पटते. ब्रिटिश वस्तूवर सरकारी मालकीची बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते आणि विसाव्या शतकातील वस्तू असेल तर ग्रीनॉकच्या शाही टॉर्पेडो कारखान्याशी किंवा वेमथजवळच्या व्हाइटहेड कारखान्याशी तिचे नाते जुळण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन भागांवर कारखान्याचे पूर्ण नाव सहसा आढळत नाही. त्याऐवजी तीन अक्षरांचा सांकेतिक गट असतो आणि नौदलाने स्वीकारलेल्या वस्तूवर गरुडाखाली ‘एम’ हे अक्षर असते. जपानी नामपट्टीवरील वर्ष पुष्कळदा सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. शोवा १८ म्हणजे १९४३, हे ठाऊक नसलेल्या विक्रेत्याने १८ हा आकडा पाहून वस्तू १९१८ ची म्हणून विकल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

इटालियन पट्ट्यांचे मला विशेष आकर्षण आहे, कारण गावाच्या नावावरून काळ कळतो. पट्टीवर फियुमे असेल तर ती वस्तू साम्राज्याच्या काळातील किंवा त्यानंतरच्या इटालियन राजवटीतील असते, आणि ‘सिलुरिफिचो व्हाइटहेड दि फियुमे’ असे संपूर्ण नाव असेल तर ती दोन महायुद्धांच्या मधल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असते. नेपल्सजवळच्या बाया येथील कारखान्याची पट्टी वेगळी असते. महायुद्धानंतर फियुमे युगोस्लाव्हियात गेले, तिथले टॉर्पेडोचे उत्पादन पुढे थांबले आणि त्याच कारखान्यात ‘टॉर्पेडो’ याच नावाने डिझेल इंजिने बनू लागली. रियेकाच्या किनाऱ्यावर टॉर्पेडोची चाचणी घेण्याचा धक्का जीर्ण अवस्थेत का होईना, उभा आहे. व्हाइटहेड यांची नात आगाथा हिचा विवाह गेऑर्ग फॉन ट्राप या ऑस्ट्रियन पाणबुडी अधिकाऱ्याशी झाला होता आणि याच अधिकाऱ्याने एप्रिल १९१५ मध्ये ‘लेऑं गाम्बेता’ ही फ्रेंच युद्धनौका टॉर्पेडोने बुडवली. एका पितळी पट्टीवरचे दोन शब्द असा सगळा इतिहास उघडून देतात, म्हणून ती पट्टी काढून फेकलेली पाहिली की मनाला फार लागते.

अमेरिकी जायरोच्या बाबतीत एक सावधगिरी आवर्जून सांगतो. त्यांच्या नामपट्टीवर ‘मार्क’ आणि ‘मॉड’ असे दोन आकडे असतात. पहिला मूळ रचनेचा आणि दुसरा तीत झालेल्या सुधारणेचा असतो. पण हे आकडे त्या यंत्राचे असतात, टॉर्पेडोचे नव्हेत. जायरोवर ‘मार्क १२’ दिसले म्हणून तो मार्क १२ टॉर्पेडोतला ठरत नाही, कारण त्या नौदलात प्रत्येक प्रकारच्या यंत्राची मालिका स्वतंत्र चालते आणि एकच जायरो निरनिराळ्या टॉर्पेडोंत बसवला जात असे. युद्धकाळात उत्पादन इतके वाढले होते की ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या गोट आयलंडवर १८६९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टॉर्पेडो केंद्राला ते पेलेना. डबे बनवणाऱ्या अमेरिकन कॅन कंपनीच्या उपकंपनीपासून शेतीची यंत्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरपर्यंत अनेकांना या कामात घ्यावे लागले. त्यामुळे पट्टीवर अनपेक्षित कंपनीचे नाव दिसले म्हणून वस्तू खोटी ठरवू नये.

ठसा किती दूरवर साक्ष देतो याचे एक उत्तम उदाहरण आहे. जॉन अॅडम्स हॉवेल या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने ओब्रीच्या आधीच दिशेचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. त्याच्या टॉर्पेडोत सुमारे ६० किलो वजनाचे चाक असे. सोडण्यापूर्वी वाफेच्या टर्बाइनने ते मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत नेले जाई आणि तेच चाक पंखे फिरवून टॉर्पेडोला पुढे ढकले आणि सरळही ठेवी. असे जेमतेम ५० टॉर्पेडो बनले आणि व्हाइटहेडच्या रचनेपुढे ते मागे पडले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ अमेरिकी नौदलाने सागरतळावरील वस्तू शोधण्यासाठी शिकवलेल्या डॉल्फिनांनी तळाशी काहीतरी असल्याचा इशारा दिला आणि गोताखोरांनी शोध घेतला तेव्हा हॉवेल टॉर्पेडोचे पितळी तुकडे हाती आले. त्यावर ‘यूएसएन नं. २४’ हा ठसा शाबूत होता. शंभरहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात टिकलेला असा ठसा आपल्याकडच्या बफिंगच्या चाकाखाली काही मिनिटांत जातो.

ठशांइतकेच महत्त्व आकड्यांच्या जुळणीला आहे. जायरोचे चाक, आतली कडी आणि बाहेरची कडी यांचा तोल एकत्र साधलेला असे, आणि एका जायरोचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून त्यांवर तोच अनुक्रमांक उमटवलेला असे. लाकडी किंवा धातूच्या पेटीवरही तो असतो. पेटीत तोलाच्या चाचणीचा कागद मिळाला तर संग्राहकाला आणखी काही नको असते. आपल्याकडे मात्र पेटी आधी वेगळी विकली जाते, कारण चांगल्या लाकडाला वेगळे गिऱ्हाईक असते, आणि जायरो काचेच्या टेबलाखाली किंवा दिव्याच्या खांबावर जाऊन बसतो. विक्रेत्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पेटी, कागद आणि जुळणाऱ्या आकड्यांसह असलेला काळवंडलेला जायरो जाणकाराकडे चकचकीत केलेल्या जायरोपेक्षा कितीतरी अधिक किंमत मिळवून देतो. हे त्यांच्याच हिताचे आहे.

कड्यांवर किंवा त्यांच्या टोकांना बारीक नट आणि स्क्रू असतात, त्यांना हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते सजावटीचे नसतात, त्यांनी तोल साधलेला असतो. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते आणि मोकळा जायरो मात्र अवकाशातील आपली दिशा धरून राहतो, म्हणून पृथ्वीवरून पाहणाऱ्याला त्याचा आस हळूहळू सरकताना दिसतो. क्षितिजसमांतर आसाच्या जायरोत ही सरक तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ‘ज्या’ (साइन) एवढी असते. न्यूपोर्टच्या अक्षांशावर ती तासाला सुमारे १० अंश भरते, तर पुण्यात पाच अंशांहून थोडी कमी. अमेरिकी मार्क १४ टॉर्पेडो ४६ नॉट वेगाने आपली ४,५०० यार्डांची मजल तीन मिनिटांच्या आत संपवी, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही चूक अर्ध्या अंशाच्या आसपास राही. पण जपानचा टाइप ९३ टॉर्पेडो कमी वेगावर सुमारे ४० किलोमीटर जाई. इतक्या पल्ल्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात एक-दीड अंशाची सरकही लक्ष्यापासून शेकडो मीटर दूर नेते. म्हणून तोलातला कणभर फरक महत्त्वाचा ठरे. तो साधण्यासाठी कोणा कारागिराने तासन्‌तास खपून जे नट लावले, ते आपण केवळ सैल वाटतात म्हणून आवळले की त्या माणसाच्या कामाचा उरलेला एकमेव दाखला आपणच पुसून टाकतो.

जायरो चालतो की नाही हे पाहण्यासाठी काही जण गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा खाचांवर सोडतात. असे कोणीही करू नये. बॉल-बेअरिंगमधील तेल सुकून डिंकासारखे झालेले असते, गोळ्यांवर गंजाचे ठिपके असतात आणि अशा बेअरिंगवर चाक वेगात आले तर बेअरिंग तर जातेच, पण चाक उसळून इजाही होऊ शकते. घड्याळासाठी वापरतात तसले हलके तेल एक-दोन थेंब देऊन, चाक बोटाने किंवा दोऱ्याने हळू फिरवावे आणि खालची बैठक सावकाश वळवून पाहावी. चाकाची दिशा बैठकीबरोबर न वळता तशीच राहिली तर कड्यांची बेअरिंग शाबूत आहेत असे समजावे. घरगुती पारखीला एवढे पुरेसे आहे.

या यंत्रावर काय अवलंबून होते हे कळल्यावर त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणे मला तरी जमत नाही. मार्च १९४२ मध्ये आर्क्टिक समुद्रात ‘ट्रिनिडाड’ या ब्रिटिश क्रूझरने जर्मन विनाशिकेवर सोडलेला टॉर्पेडो वळून तिच्यावरच आदळला. कडाक्याच्या थंडीचा जायरोवर परिणाम झाला, हे त्याचे कारण सांगितले जाते. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीत ‘टँग’ या अमेरिकी पाणबुडीने आपला शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो डावीकडे वळत वर्तुळात फिरून परत आला आणि त्याने पाणबुडीलाच गाठले. ८७ जणांपैकी ९ वाचले, त्यांत पाणबुडीचे कमांडर रिचर्ड ओकेन होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘टलिबी’ ही पाणबुडी अशीच आपल्याच टॉर्पेडोला बळी पडली आणि तिच्यावरचा एकच खलाशी जिवंत राहिला. या घटनांत बिघाड नेमका जायरोत झाला की सुकाणूच्या दट्ट्यात, हे समुद्राच्या तळाशी गेलेल्या टॉर्पेडोवरून कधीच ठरणार नाही. पण ज्या साखळीचा पहिला दुवा हे चाक आहे, ती तुटली की काय होते हे त्यांतून दिसते.

टॉर्पेडोचा जायरो म्हणून खपवल्या जाणाऱ्या इतर वस्तूंचीही दखल घ्यायला हवी. सर्वाधिक फसगत विमानातील दिशादर्शक जायरोने होते. त्याला समोर काच, आत अंशांच्या खुणांची फिरती पट्टी आणि ती जागेवर आणण्यासाठी बाहेर एक गुंडी असते, कारण ते वैमानिकाने वाचायचे उपकरण आहे. टॉर्पेडोच्या जायरोकडे पाहायला आत कोणीच नसतो, म्हणून त्याला तबकडीही नसते आणि काचही नसते. जहाजावरील जायरो-होकायंत्राचे भाग आकाराने पुष्कळ मोठे असतात. पूर्ण टॉर्पेडो-जायरोत चाक मध्यभागी पकडून ठेवणारी आणि योग्य क्षणी सोडणारी कळ असते. ती दिसली की बहुतेक शंका मिटतात.

एका बाबतीत मात्र जाणकारांनीही धाडस करू नये. टॉर्पेडोच्या स्फोटक टोकात बसणारे यंत्रही पितळी, दातेरी आणि दिसायला देखणे असते, आणि काही रचनांत त्याला पाण्याने फिरणारे पात्यांचे चाकही असते. नवख्या माणसाला ते जायरोसारखे वाटू शकते, पण त्यात स्फोट घडवणारी टोपी शिल्लक असू शकते. जायरो स्वतः निरुपद्रवी आहे. पण शेजारी जाड भिंतीची हवेची टाकी, कसलेही बंद नळकांडे किंवा सीलबंद पितळी डबी असेल, तर वस्तू जागेवरून न हलवता पोलिसांना कळवावे आणि बॉम्बशोधक पथकाने पाहिल्याशिवाय कोणी एकही स्क्रू काढू नये. भंगार फोडणाऱ्या कामगारांना हे कोणी सांगत नाही आणि धोका सर्वांत आधी त्यांनाच असतो.

या वस्तू मुंबईत कशा आल्या, असा प्रश्न वाचकांना पडेल. दुसऱ्या महायुद्धात मुंबई हे लष्करी मालाचे मोठे बंदर होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ज्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या मालात कापूस आणि सोन्याच्या विटांबरोबर दारूगोळा आणि टॉर्पेडोही होते. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश बनावटीची आणि पुढे सोव्हिएत बनावटीची जहाजे आपल्या नौदलात आली आणि त्यांपैकी काही निवृत्तीनंतर मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात मोडीत निघाली. २०१४ मध्ये जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ तिथेच तोडली गेली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मोठ्या जहाजाच्या तोडणीवर वृत्तपत्रांत लिहून येते, पण त्याच काट्यावर पितळ म्हणून तोलल्या जाणाऱ्या हाताएवढ्या उपकरणांची नोंद कुठेही होत नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिथे टॉर्पेडो पाहायला मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर नौदलाचे एवढे मोठे केंद्र असताना टॉर्पेडोच्या आतले काम उघडून दाखवणारे दालन इथल्या एखाद्या संग्रहालयात असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक जायरो, त्याची पेटी, त्याला जोडलेली झडप आणि सुकाणूचा दट्ट्या एवढे मांडले तरी शाळकरी मुलाला यंत्र कसे विचार करते ते दिसेल.

निवृत्त नौसैनिकांच्या आणि गोदी कामगारांच्या कुटुंबांना माझे सांगणे आहे की घरातील माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती उघडून आधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, पट्टीवरचे आणि कड्यांवरचे सर्व आकडे जसेच्या तसे लिहून काढावेत आणि ती वस्तू कोणाकडून, केव्हा, कशी घरी आली हे घरातील ज्येष्ठांना विचारून त्याच कागदावर नोंदवावे. धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने काढावी. पितांबरी, चिंच, लिंबू किंवा कोणताही पॉलिश लावू नये. गंज फारच असेल तर हलके तेल लावून ठेवावे आणि बाकीचे जाणकारावर सोडावे. विकायची असल्यास जरूर विकावी, त्यात गैर काहीच नाही, मात्र पेटी, कागद आणि यंत्र यांची ताटातूट होऊ देऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि ओब्रीच्या काळातील जायरो आता त्या वयाचे झाले आहेत, हे परदेशी गिऱ्हाइकाला वस्तू पाठवण्याआधी पाहून घ्यावे.

आपल्याला शेवटची विनंती अशी की लेखकांनी त्या विक्रेत्याशी पुन्हा संपर्क साधावा आणि स्क्रूच्या त्या दोन भोकांवरची नामपट्टी अजून दुकानात कुठे पडली आहे का, याची चौकशी करावी. बफिंग करण्याआधी पट्ट्या काढून एखाद्या डब्यात टाकून ठेवण्याची पद्धत या धंद्यात आहे, त्यामुळे ती मिळण्याची शक्यता अजून संपलेली नाही. मिळाल्यास तिच्या दोन्ही बाजूंचे आणि चाकाच्या सपाट बाजूचे जवळून घेतलेले छायाचित्र आपण छापावे. त्यावरून जायरो कोणत्या देशाचा आणि कोणत्या काळातील आहे हे निश्चित करण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक संग्राहक वाचक, पुणे